टाकीच्या झाकणावरचं कुंकू

दसऱ्याला कुंकवाची डबी उघडली की मला पेट्रोलचा वास येतो. राधानगरीला धरणाच्या पाण्यात आमच्या मालकांची इंजिनाची नाव होती. एका दसऱ्याला मी इंजिन पुजलं आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर ओल्या कुंकवाचा जाड टिळा लावला. दुसऱ्या दिवशी बाळंतपणाला आलेल्या लेकीला कळा सुटल्या. दवाखाना पलीकडच्या काठाला, म्हणून आम्ही तिघं नावेतून निघालो, आणि इंजिन ऐन मधोमध बंद पडलं. मालक दोरी ओढून दमले. प्लग पुसला, तरी न्हाईच. लेक ओरडली, "आबा, वल्हं तरी मारा की!" मग त्यांनी झाकण सैल केलं, तशी हवा सुस्स करून आत गेली. झाकणाचं हवेचं भोक माझ्या कुंकवानं बुजलं होतं. त्यांनी ते काडीनं मोकळं केलं, दोरी ओढली, इंजिन धडधडलं. "काय झालतं?" लेकीनं विचारलं. "कचरा अडकलाता," एवढंच म्हणाले. नात दवाखान्यात सुखरूप झाली. पुढच्या दसऱ्याला मी झाकण सोडून पूजा करायला लागले, तर त्यांनी भोकावर आपलं बोट ठेवलं. म्हणाले, "लाव आता." आता ते नाहीत. नाव जावई चालवतो. पूजा मीच करते आणि भोकावर माझंच बोट ठेवते.