टेकडीवरचं पिवळं फूल

थोरल्या चुलत्यांना, म्हणजे अप्पांना, निंबर्ग्याच्या टेकडीवरचं प्रत्येक झुडूप ओळखता येतं, असा घरात समज होता. तो अर्धाच खरा होता. पावसाळ्यात शिवारात पिकं उभी, म्हणून ते मेंढरं घेऊन लांबच्या रानात जात आणि सुगी संपल्यावर परतत. घरच्या टेकडीला फुलं कधी येतात, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

त्या वर्षी त्यांची दोन्ही मुलं पुण्याला बांधकामावर गेली. सोबतीला माणूस नाही, म्हणून अप्पा गावातच थांबले आणि टेकडीवर मेंढरं चारू लागले.

दसऱ्यानंतर मेंढ्या खंगायला लागल्या. डोळे पिवळे पडले. मी गुलबर्ग्याला बातमीदार होतो. निरोप मिळताच आलो. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, खातात काय? अप्पांनी फुलांची एक फांदी पुढे केली.

"ताग हाय ह्यो. आपूनच पेरतो की. त्यानं काय व्हतंय?"

फूल तागासारखंच होतं. मागे पंख्यासारखी उभी मोठी पाकळी, तिच्या पाठीवर तांबूस रेघा, पुढे चोचीसारखा मिटलेला भाग. पान मात्र रुंद, टोकाला बोथट. डॉक्टरांना विषारी झुडपाचा संशय होता, खात्री नव्हती. शेंग वाळली की दाखवा, तोवर तिथं चारू नका, म्हणाले.

"मग कुठं चारू? खाली तूर उभी हाय," अप्पा म्हणाले.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. काकू बघत होत्या. "आख्ख्या जिल्ह्याच्या बातम्या लिवतूस, अन् एक फूल वळखंना व्हय तुला?"

मेंढरं टेकडीवरच जात राहिली.

महिन्याभरानं शेंगा वाळल्या. अप्पांनी एक तोडून कानाशी हलवली. आत बिया वाजल्या.

"खुळखुळा," ते म्हणाले. "ह्याला तर आमी मेंढराला तोंडबी लावू देत न्हाई."

आता चारा बदलून उपयोग नाही, यकृत गेलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. संक्रांतीपर्यंत एकही मेंढरू उरलं नाही.

मुलं त्यांना पुण्याला न्यायला आली, तेव्हा अप्पा टेकडीवर होते. एकेक झुडूप उपटून ढीग घालत होते.

"आता कामून उपटायलाव, अप्पा?" धाकट्यानं विचारलं.

अप्पांनी पुढच्या झुडपाला हात घातला. झटका बसला की शेंग फुटायची आणि बी तिथंच मातीत पडायचं.