शपथ बंद झालेलं घर

वहिनी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आईला दोनदा विचारलं, "कोण? दादा ना?" ऐकायला वाईट वाटेल, पण दादासाठी आम्ही सगळ्यांनी मनाची तयारी करून ठेवली होती. पिणारा तो. आणि साध्या तापाचं निमित्त होऊन गेली ती सुमनवहिनी... महिना उलटला, तरी हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

वहिनी येवल्याची, विणकराच्या घरातली. नव्वदच्या सुमारास लग्न होऊन ती नाशिक रोडच्या आमच्या घरी आली, तेव्हा दादाची दारू अख्ख्या कॉलनीला ठाऊक होती, फक्त तिच्या माहेरी नव्हती. लग्न केलं की सुधारेल, हा आमच्याकडचा पहिला उपाय. तो फसला की शपथ. दादानं वणीच्या देवीपुढे शपथ घेतली, आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतली, मुलगी झाल्यावर तिच्या पाळण्याला हात लावून घेतली. दर वेळी काही आठवडे गडी अगदी देवमाणूस. मग एक घोट, आणि दोन-दोन दिवस गायब. कधी स्टेशनवर सापडायचा, कधी थेट विंचूरच्या बाजारात, कांद्याच्या गोण्यांवर आडवा.

एकदा असंच मी त्याला शोधून आणलं. आई देवघराकडे बोट दाखवून म्हणाली, "घे परत शपथ." वहिनी सासूपुढे कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "आई, आता ह्या घरात शपथ बंद. शपथ मोडली की ह्यांना तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून घरी येत नाहीत. येत नाहीत म्हणून अजून पितात." मग दादाकडे वळून, "अहो, प्यालात तरी घरी या."

आईनं कपाळाला हात लावला. मीही चिडलो. "वहिनी, हे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या दिल्यासारखं झालं!" ती हसली. "भाऊजी, धागा तुटला म्हणून माग कोणी मोडत नाय. गाठ मारायची अन् पुढं विणायचं." ऐकायला बरं वाटतं हो, पण वास मारणाऱ्या नवऱ्याला रोज शेजारी बसून जेवू घालायचं म्हणजे... मला तिचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं, दोन्ही एकदम.

दादा घरी येऊ लागला, हे खरं. पिणं कमी झालं, कामावरचे खाडे थांबले. पूर्ण सुटली मात्र कधीच नाही. डॉक्टर म्हणायचे, एक थेंबही नको. त्यांचं तरी काय चुकलं? मग वहिनीनं त्याला वाचवलं, की नुसतं पदराखाली झाकलं? मला अजून सांगता येत नाही.

दहाव्याला गोदावरीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. मुलीला आम्ही सांभाळू, असं सगळ्यांचं कबूल करून झालं. कावळे लांबूनच बघत होते. शेवटी मामा म्हणाले, "तिचा जीव ह्याच्या दारूत अडकलाय. सोडतो म्हण, बाबा!" सगळे दादाकडे बघू लागले. मीसुद्धा मनात म्हणत होतो, म्हणून टाक एकदाचं. दादा हात जोडून घळाघळा रडत होता. "शपथ नाही घेणार," एवढंच म्हणाला. मामा फणकाऱ्यानं निघून गेले. मग दर्भाचा कावळा करून शिववला.

त्याच संध्याकाळी दादा चपला घालून बाहेर पडला. आम्ही कोणी अडवलं नाही, अडवायचं तरी काय सांगून? आई, मी आणि पुतणी गॅलरीत उभे राहिलो. जेवायच्या वेळेला जिन्यात पावलं वाजली. वास आलाच. त्यानं पाय धुतले आणि मान खाली घालून लेकीशेजारी बसला. आई रडू लागली, तो पिऊन आला म्हणून. मलाही रडू फुटलं... पण तो पिऊन आला म्हणून, की घरी आला म्हणून, ते मात्र कळेना.