शेवटच्या अंकाआधी उठणारा जावई

आमच्या जावयानं इंदूचं नाटक किती वेळा पाहिलं ते त्याला स्वतःलाही सांगता येत नसे. पण त्या नाटकाचा शेवटचा अंक त्यानं एकदाच पाहिला होता. शेवटच्या अंकाची घंटा झाली की हा माणूस घोंगडं झटकून उठायचा आणि लोकांच्या मांड्यांमधून पाय टाकत मंडपाबाहेर पडायचा. मागं पेटी वाजायला लागली तरी वळून पाहायचा नाही. सायकल काढायची आणि सरळ घर.

जावई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. घरजावई. ताईच्या एका पायात लहानपणापासून जोर नव्हता, म्हणून बाबांनी जंगलपट्टीतला, कष्टाला वाघ आणि बोलायला कमी असा पोरगा पाहून घरी आणला. गावानं त्याचं नाव कधी वापरलंच नाही. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्याला जावईच म्हणत. मी भाऊजी म्हणत असे. मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण कोणाला काय म्हणावं हे शिकायला शाळा लागत नाही.

ज्यांनी ते नाटक पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पोस्टरवर त्याचं नाव लांबलचक होतं, पुढं 'संगीत' लावलेलं. पण आमच्या झाडीपट्टीत ते इंदूचं नाटक. धान घरात आलं, मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की लोक गाड्या जुंपून त्याच्यामागं फिरत. इंदू राजवाड्यातली लेक. सासरी छळ सोसते, शेवटी माहेरी यायला निघते आणि वाटेत नदीच्या काठावर जीव सोडते. मरताना गाते. ते गाणं सुरू झालं की बाया तोंडात पदर कोंबत आणि गडी उगाच खिशात बिडी शोधत. आमच्या गावात मात्र ते कधी लागलं नाही. आमची मंडई आणि नदीपलीकडच्या मोठ्या गावाची मंडई एकाच दिवशी, आणि चांगली कंपनी मोठ्या गावालाच जाई.

जावई उठला की लोक टोमणे मारत. कोणी म्हणे बायकोला भितो, कोणी म्हणे सासऱ्यानं दाराला कडी घालायची वेळ ठरवून दिली आहे. तो कोणाशी वाद घालत नसे. "माह्यापुरतं झालं," एवढंच म्हणे. जेवताना दुसऱ्यांदा भात वाढायला गेलं तरी तो हेच म्हणायचा.

त्याचा स्वतःचा आवाज म्हणजे तेल न घातलेला रहाट. पण त्या नाटकातलं एकही गाणं त्याला येत नाही असं नव्हतं. मंडपात तो पेटीवाल्याच्या अंगाला बसायचा आणि गाणं सुरू झालं की डोळे मिटायचा. इंदूचं काम करणारी बाई देखणी होती, तरी डोळे मिटायचा. धानाच्या रोवण्याच्या वेळी बाया त्याला छेडत, जावई, एखादं पद होऊन जाऊ द्या. तो ऐकत नसे. "गाणं नाटकात पिकते," तो म्हणायचा. "बाहेर काढलं का सुकते." गात असे ते फक्त ताईसमोर.

कारण ताई नाटकाला जात नसे. जमिनीवर मांडी घालून रात्र काढणं तिच्या पायाला जमायचं नाही. सकाळी ती अंगणात तांदूळ पाखडत बसायची आणि हा समोर बसून तिला सगळं नाटक सांगायचा, पडदा वर गेला तिथपासून. सासूचा आवाज काढायचा, दिवाणजीचा काढायचा, पदंसुद्धा म्हणायचा. मी शेतात, धानाच्या बांधीवर निघालेला असायचो. थांबून ऐकायला मला वेळ नसे.

एकदा शेजारची काकी ते नाटक पाहून आली आणि ताईजवळ इंदूच्या मरणाचं रडगाणं घेऊन बसली. ताईनं सूप खाली न ठेवताच सांगितलं, "तुले झोप लागली असन. इंदू तं घरी येते."

हे मी ओट्यावरून ऐकलं. मला खोटं खपत नाही, आजही खपत नाही. मी सरळ बांधीवर गेलो. जावई दोन शेतांमधला धुरा बांधत होता. मी म्हणालो, "भाऊजी, ताईले खोटं काऊन सांगून राहिले?"

त्यानं दोन-चार फावडी माती टाकली. मग म्हणाला, "मी शेवट पाहातच नाई. जे पाह्यलं नाई त्याचं खोटं कसं होईन?"

मी धुऱ्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढलेला माणूस आहे, पण असा जबाब तिथंही ऐकला नाही. मी हटलो नाही तेव्हा त्यानं फावडं टेकवलं आणि सांगितलं. पहिल्यांदा त्यानं ते नाटक पुरतं पाहिलं त्या हंगामात ताईचं पहिलं बाळ गेलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडून असायची, कोणाशी बोलत नसे. हा नाटक पाहून आला आणि घरात काहीतरी आवाज असावा म्हणून सांगत बसला. इंदू नदीच्या काठावर आली तेव्हा ताई उठून बसली होती. तिनं विचारलं, मग पोचली का ते? किती दिवसांनी तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

"तूच सांग, म्या काय म्हणायले पायजे होतं?" जावई मला म्हणाला. "पोचली म्हणलं."

तेव्हापासून त्यानं शेवट पाहणं सोडलं. पाहिला तर सकाळी तोंडातून खरं निघून जाईल, ही भीती. मी तरीही म्हणालो की खोटं ते खोटंच. पण ताईला मी काही सांगितलं नाही. ते माझं काम नव्हतं.

पुढं ताईला लेक झाला, आमची घरंही वेगळी झाली, कंपनी बंद पडली. इंदू झालेली बाईही गेली. आणि मागच्या हिवाळ्यात, जावयाच्या शेवटच्या हिवाळ्यात, कोणाच्या तरी मोबाईलवर बातमी आली. गोंदियाच्या हॉलमध्ये इंदूच्या नाटकाची सगळी पदं होणार होती, जुन्या चालीत. नाटक नाही. गाणारे बसून गाणार आणि मधूनमधून एक जण माईकवर कथा सांगणार.

कोहमाऱ्याच्या चौकात चहाच्या टपरीवर सगळे जुने शौकीन गोळा व्हायला लागले. ज्यांचे गुडघे धरले होते ते नातवाच्या मोटरसायकलवर मागं बसून आले. इंदूची पदं जुन्या इंदूची भाची गाणार होती. त्या भाचीला मावशीची तान येते की नाही यावर, तिला न ऐकताच, दोन म्हाताऱ्यांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं. पडदा नाही, रंग नाही, म्हणजे वरातीत घोडा आहे आणि नवरदेव नाही, असं माझं मत होतं. ते मी मांडलं आणि बदललं नाही. जावयाला मी त्याच्याच शब्दाची आठवण करून दिली, बाहेर काढलं का सुकते म्हणत होते ना? त्याला तेव्हा दोन वाक्यं बोलतानाही दम लागत असे. पण तो हसला. "सुकलं तं सुकलं," म्हणाला. "भिजवून खाऊ."

त्याचं हसणं दोन दिवस टिकलं. मग ताईनं घरात सांगून टाकलं की तीही येणार. हॉलमध्ये चाकाची खुर्ची मिळते, लेकाची गाडी दारात आहे, कार्यक्रम दुपारचा आहे. आता न यायला काय कारण?

जावई माझ्या घरी आला. तो कधी कोणाकडं काही मागायला जाणारा माणूस नव्हता. ओट्यावर बसला आणि म्हणाला, थंडी आहे, रस्ता खोदलेला आहे, तू तिला समजाव. मी साफ नाही म्हणालो. त्यापेक्षा तुम्हीच खरं सांगून टाका, नाहीतर तो माईकवाला सांगेल, असंही सुनावलं.

"तिच्यापाशी ते पोरगी जिती आहे," तो म्हणाला. "इतके वर्सं. आता म्या मारू का?"

त्या दिवशी मी त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेलो, आणि असा मी कोणाला पोचवायला जात नाही.

त्यानं ताईला सांगितलं नाही. आम्ही गोंदियाला गेलो. दारावरच्या माणसानं "अम्माजी को इधर से लाओ" म्हणत खुर्ची बाजूच्या वाटेनं आत घेतली. भाची चांगली गायली, हे मी कबूल करतो. हॉलमधले म्हातारे तिच्याबरोबर गायला लागले, तेव्हा कथा सांगणाऱ्यानं हात जोडून त्यांना गप्प केलं. जावयानं डोळे मिटले होते. ताई मात्र गाणाऱ्यांकडं कमी आणि त्याच्याकडं जास्त पाहत होती. इतकी वर्षं ऐकलेल्या पदांची खरी चाल तिला त्या दिवशी कळत होती, आणि मधूनमधून तिला हसू येत होतं.

शेवटच्या भागाआधी कथा सांगणारा पाणी प्यायला थांबला. जावई खुर्चीचा हात धरून अर्धा उठला. ताईनं त्याच्या शर्टाचं टोक धरलं.

"बसा न. शेवट तं राहिला."

तो बसला. मग माईकवरून इंदू नदीपाशी आली आणि मेली, आणि भाचीनं ते पद म्हटलं. मी ताईकडं पाहत होतो. तिनं तोंडाला पदर लावला नाही. जावई आपल्या गुडघ्यांकडं पाहत होता. पद संपलं, सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि हे दोघं बसून होते. परतीच्या वाटेवर गाडीत ताईनं एकदा पाणी मागितलं, तेवढंच.

सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. खरं-खोटं एकदाचं निघालं होतं, त्याचं काय झालं ते मला पाहायचं होतं. ताई अंगणात उन्हात खुर्चीवर बसली होती. जावई समोर शाल पांघरून, आरोपीसारखा.

"ते त्यायचं झालं," ताई म्हणाली. "आता तुमचं सांगा."

त्याला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. मग त्यानं पडदा वर नेला. दम लागत होता, तरी सासूचा आवाज काढला, दिवाणजीचा काढला. थांबत थांबत इंदूला नदीच्या काठापर्यंत आणलं आणि तिथं तो थांबला. दम लागला म्हणून नाही. आता अंगणात बसलेल्या तिघांनाही पुढचं माहीत होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी रिकाम्या गोठ्याकडं पाहत राहिलो.

तेव्हा ताईनंच पुढचं सांगायला घेतलं. जावयाकडून इतकी वर्षं तिनं ऐकलेला तो शेवट मी कधी ऐकला नव्हता. इंदू नदी उतरून आली. मग पॅसेंजरमध्ये बसली. डोंगर आला, बोगदा आला, आणि ती दरेकशाच्या लहानशा स्टेशनावर उतरली. राजवाड्यातली इंदू दरेकशाला कशाला उतरेल? दरेकसा जावयाचं गाव. त्याची माय तिथं एकटी राहत असे, आणि आमच्या घरच्या धानाच्या कामातून तिच्याकडं जाणं त्याला फार वेळा जमलं नाही. शेवटी पोचला तेव्हा उशीर झाला होता.

ताई सांगत होती, तो डोळे मिटून ऐकत होता. इंदूची माय दारात उभी होती. काही विचारलं नाही तिनं. म्हणाली, हातपाय धू, भात गरम आहे.

"बरोबर सांगतलं न?" ताईनं विचारलं.

"बरोबर आहे," जावई म्हणाला. "फक्त माय दारात नोहती. फाटकापाशी उभी होती. सकाळपासून."