मुकादम आज "भाऊ" म्हणाला

मंडळी, आज सकाळचंच सांगतो. नागभीडले आमी रेल्वे इंजिनाच्या पाण्याची टाकी बांधून राह्यलो. रोज "ए" म्हणून हाक मारणारा मुकादम आज म्हणाला, "भाऊ, चहा घ्या, मग चढा." मले तिथीच खटकलं.

बांबूच्या परांचीचे दोर हळदीनं पिवळे केले होते. पूजा काम सुरू करताना होते. अर्धी टाकी झाल्यावर काऊन?

एका गाठीवरची हळद नखानं खरवडली. खालचा दोर कुजलेला होता.

मुकादमाले म्हटलं, "पूजा तुमी केली, पहिला पाय बी तुमीच ठेवा."

तो चढला नाई. मग आमच्यातलंही कोणी चढलं नाई.

दुपारी नवे दोर आले, अन् तो मले पुन्हा "ए" म्हणाला. तेव्हा कुठी माहा जीव भांड्यात पडला.

तुमाले आज कोणी उगाच "भाऊ" म्हटलं का? मग चढायच्या आधी गाठ खरवडून पाहा.