थोर्किलचा वरचा सूर

थोर्किल गायचा तो फक्त बर्फ उपसताना. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत हिवाळा म्हणजे मुक्कामाला आलेला, जायचं नाव न घेणारा पाहुणा. सकाळी थोर्किल ड्राइव्हवेवर स्नोब्लोअर सुरू करायचा, कानटोपी खाली ओढायचा आणि यंत्राच्या घरघरीच्या आडोशाला मोकळ्या गळ्यानं इटालियन गाणी आळवायचा. कुणाला ऐकू जात नाही, अशी त्याची पक्की समजूत.

आडोशाला कारण होतं. थोर्किल डेन्मार्कच्या एस्बियर्ग बंदरातला. बाप मासळीच्या लिलावात बोली पुकारायचा. तोच गळा पोराकडे आला. पोरगं कोपनहेगनला गाणं शिकायला गेलं, तिथं एका म्हाताऱ्या मास्तरणीनं ओळखलं की हा टेनर, म्हणजे उंच आवाजाचा, नायकाची कामं करणारा. मग जर्मनीतल्या लहानसहान ऑपेरा थिएटरांतून त्यानं प्रेमं केली, तलवारी उपसल्या, शेवटच्या अंकात रीतसर विष घेतलं. बरं चाललं होतं. पण इटलीतल्या एका गावात वरचा सूर चिरकला. तिथलं पब्लिक म्हणजे आग्यामोहोळ. सज्ज्यातून आधी चुकचुकणं आलं, मग हुर्यो. थोर्किल गाणं अर्ध्यात टाकून विंगेत गेला, तो पुन्हा स्टेजवर आलाच नाही. पुढं मिनेसोटाची लॉरा भेटली, तिच्यामागून इकडं आला आणि शाळेत पोरांना गाणं शिकवत रिटायर झाला. स्वतः मात्र चारचौघांत तोंड उघडलं नाही.

यंदाच्या जानेवारीत ऐन गाण्यात यंत्रातलं पेट्रोल संपलं. घरघर थांबली, थोर्किलला लगेच थांबता आलं नाही. शेजारच्या ड्राइव्हवेवर मोरेश्वर फावडं टेकून उभे होते. मूळचे सांगलीचे, रिटायर्ड इंजिनियर, गाण्याचे वेडे.

“पेट्रोल भरू नकोस,” ते म्हणाले. “असंच चालू दे.”

“तुम्ही ऐकलंत?”

“कित्येक हिवाळे ऐकतोय. म्हणून तर स्वतःचं मशीन घेतलं नाही. शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये बैठक आहे, तू गायचंस. नीना पियानोवर बसेल.”

“मी लोकांसमोर गात नाही.”

“लोक कुठायत? मराठी मंडळीच आहेत सगळी.”

थोर्किल घरी येऊन नाही म्हणायच्या तयारीत होता. लॉरा म्हणाली, “तू जाणार नसशील तर मी जाऊन गाते.” लॉराचं गाणं त्यानं ऐकलं होतं. तो निघाला.

शनिवारी खाली पांढऱ्या चादरी, लोड-तक्के आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेले डॉक्टर-इंजिनियर काका. मोरेश्वरांची लेक नीना पियानोवर. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला थोर्किलनं आवाज अलगद बारीक केला, आणि मोरेश्वरांनी दात दुखावा तसे डोळे मिटले, मान डावी-उजवीकडे हलवली. “च्च! च्च!” शेजारचे डॉक्टर म्हणाले, “अरे, अरे, अरे.” बघता बघता अख्खी रांग माना हलवायला लागली. नाही, नाही, नाही.

थोर्किलला इटलीतला तो सज्जा आठवला. तो थांबला आणि जिन्याकडे वळला.

नीनानं उठून त्याची बाही धरली. “काका, कुठं निघालात?”

“थांबायला सांगताहेत ते. बरोबर आहे त्यांचं.”

“अहो, ही दाद आहे. बाबांचा चेहरा जिलबी खातानाही असाच होतो.”

“मग मान नको-नको का म्हणते?”

“इतकं सुंदर, की सोसवत नाही म्हणून. आवडलं नसतं तर कुणी काही बोललं नसतं. हळूच वर जाऊन चहा घेत बसले असते.”

मोरेश्वर गोंधळले होते. “काय झालं? कुणी खोकलं का?”

“तुम्हीच चुकचुकलात,” मृणालिनी, त्यांची बायको, म्हणाली. “भ्याले ना ते. आता तोंड मिटून ऐका.”

“तोंड मिटून गाणं ऐकतात का कुठं?”

जिन्यावरून चहाचा वास दरवळत होता. थोर्किलनं रांगेवरून नजर फिरवली. एकही माणूस जागचा हलला नव्हता. तो पियानोपाशी परत आला.

या खेपेला त्यानं तीच जागा मुद्दाम आणखी हळुवार घेतली आणि मोरेश्वरांकडे बघितलं. बायकोच्या धाकानं त्यांनी तोंडावर पंजा दाबला होता, पण मान ऐकेना. थोर्किलला हसू फुटलं आणि हसण्यानंच गळा मोकळा झाला. पुढं तो वरचा सूर आला, ज्याच्यावर त्याचं सगळं अडलं होतं. तो चढला. कडेनं जरा खरखरीत, वयाचा, पण लागला. “आहाहा!” डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. थोर्किलनं सूर सोडलाच नाही. त्यांनी मागितला तेवढा, वर मूठभर जास्त दिला.

“वन्स मोअर!” रांग गरजली. हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

ईस्टरला तो चर्चमध्ये गायला आणि तोंड पाडून शेजारी आला. “लोक पुतळ्यासारखे बसतात हो. आवडलं की नाही, कळायला मार्गच नाही.”

पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर मोरेश्वर सूट घालून हजर. थोर्किल गाताना “च्च! च्च!” ऐकून पाद्रीबाबांनी त्यांच्याकडे सारखं वळून बघितलं. मृणालिनीनं या खेपेला त्यांना अडवलं नाही.