बाईंची खिडकी आणि माझा बोर्ड

गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते त्या दिवसांत मी शनिवार पेठेत बोर्ड रंगवायचो. अशाच एका क्लासचा दहा फुटी पत्र्याचा बोर्ड मी रंगवला आणि दुसऱ्या मजल्याखाली ठोकूनही दिला. अक्षरं इतकी झकास उतरली होती की समोरच्या फुटपाथवर उभा राहून मी ती बराच वेळ बघत राहिलो. बोर्डामागे पहिल्या मजल्यावरची एक अख्खी खिडकी गेली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

खिडकी एका निवृत्त शिक्षिकेची होती. दोन दिवसांनी बाई माझ्या दुकानात आल्या.

"तो बोर्ड आपण रंगवलात?"

"हो," मी खुशीत म्हणालो.

"'प्रशिक्षण'मधला 'शि' ऱ्हस्व असतो. आणि मी आता भर दुपारी दिवा लावून पेपर वाचते."

मी क्लासवाल्याकडे गेलो. अकोल्याहून आलेला तरुण होता. तो म्हणाला, "काका, इथं मला ओळखतं कोण? बोर्ड काढला तर पोरं येतील कशी?" त्याचंही खोटं नव्हतं. शिवाय बोर्ड नियमात बसत होता.

त्याच सुमारास महापालिकेने बोर्डांच्या नियमांत बदल सुचवून लोकांच्या सूचना मागवल्या. बाईंनी फुलस्केपवर एकच ओळ लिहिली : 'कोणत्याही फलकाने दुसऱ्याची खिडकी झाकू नये.' खाली सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "आता आपली."

स्वतःच्याच बोर्डाविरुद्ध सही करायची होती. पण केली.

सुनावणीला आम्ही तिघंही होतो. महापालिकेचे साहेब म्हणाले, "बाई, हा आपला वैयक्तिक प्रश्न झाला."

"या मसुद्यात विजेच्या खांबापासून किती अंतर ठेवायचं ते दिलंय," बाई म्हणाल्या. "माझ्यापासून किती ठेवायचं?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुम्ही पेंटर ना? बोर्ड लहान झाले तर तुमचंच काम कमी होईल."

"होऊ द्या साहेब. मोठ्या बोर्डावर कुणीही लिहितं. लहानावर अक्षर यावं लागतं."

बाहेर आल्यावर मी क्लासवाल्याला म्हणालो, "जिन्याच्या दाराशी उभा बोर्ड करून देतो. येणाऱ्याच्या थेट नजरेसमोर येईल." तो थोडा कुरकुरला, मग हसून म्हणाला, "करा. पण पिवळा पाहिजे, काका."

नियम यायला पुढे बरेच महिने लागले. बाईंची ओळ त्यात आली. शेजारच्या कलमातल्या दोन चुका बाईंनी पोस्टकार्डाने कळवल्या. आमचा बोर्ड मात्र सुनावणीच्याच आठवड्यात उतरला होता. पत्रा खाली गेला तसं ऊन थेट बाईंच्या टेबलापर्यंत गेलं. मी शिडीवरून कौतुकाने आत बघत होतो.

"छान," बाई पेपरातून मान वर न करता म्हणाल्या. "आता आपणही उतरा. उजेड अडतोय."

पुढे फ्लेक्स आलं आणि ब्रशचं काम आटलं. त्याच क्लासात, विशीतल्या पोरांच्या शेजारी बसून, मी कॉम्प्युटरवर अक्षर जुळवायला शिकलो. बाई जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "गृहपाठ झाला का?" आणि मी चाळिशीतला माणूस खरंच वही पुढे करायचो.