अडतीस की दोन?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका हवेवर जीव असलेला माणूस अख्ख्या पिंपरीत दुसरा झाला नाही. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. औषधाच्या एका कारखान्यात पेनिसिलिनसाठी टाक्यांमधून बुरशी वाढवत, आणि त्या टाक्यांत तळातून अखंड हवा सोडणं ही काकांची नोकरी. बुरशीला ते लेकरासारखं जपत. "नुसती साखर घालून भागत नाही राव, श्वास द्यावा लागतो," म्हणत. त्यांच्या पाळीतल्या दिघीच्या पाटलांनी एकदा विचारलं, "काका, बुरशी बी दमती व्हय?" या प्रश्नावर काका इतके खूश झाले, की तो त्यांनी कॉलनीत घरोघर जाऊन सांगितला.

त्यांचं शास्त्र असं : साखरेचा कण पेशीत आधी अर्धाकच्चा फुटतो. तिथे हवा लागत नाही, पण ऊर्जेच्या पुड्या सुटतात दोनच. पुढे पेशीतल्या बारक्या भट्ट्यांना हवा मिळाली, तर त्याच कणातून एकूण अडतीस! मागे उरतं पाणी आणि आपण बाहेर सोडतो तो वायू. म्हणून जिन्यात कुणीही भेटलं, की "काय, अडतीस की दोन?" नव्या बिऱ्हाडकरूंना हे मटक्याचे आकडे वाटत. मी तीन जिने पळत चढून आलो की ते माझ्या पोटऱ्या चाचपत. "आंबल्या! हवा पुरली नाही की साखर आंबते. अंग आंबलं म्हणतो आपण, ते काय उगाच? आणि हवा खायला जातो म्हणतो. भाषेला सगळं ठाऊक असतं रे!" मग कित्येक दिवस मी जिना चढताना दर पायरीला आत काय फुटतंय याचा अंदाज घेत असे.

कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खिडक्या उघडत. तळेगावच्या एका लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत त्यांनी कार्यालयाच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. वाऱ्याने अंतरपाट उडाला आणि नवरानवरीने मुहूर्ताआधीच एकमेकांना पाहून घेतलं. भटजी खवळले. काका म्हणाले, "पाहू द्या हो. निदान श्वास तरी घेतील."

आम्ही पोट धरधरून हसायचो. त्या खिडक्या कुणासाठी होत्या, हे मला फार उशिरा कळलं. काकूंना दमा होता. एका सकाळी धाप वाढली म्हणून मी डॉक्टरांना घेऊन वर गेलो. काकू खिडकीपाशी खुर्चीत वाकून बसल्या होत्या, आणि काका पुठ्ठ्याने वारा घालत अगदी हळू विचारत होते, "अडतीस ना गं?" काकूंना बोलवेना. त्यांनी दोन बोटं वर केली. "एवढ्या टाक्यांना हवा पुरवतो मी," काका माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि हिच्या वीतभर छातीला पुरवता येत नाही."

त्या वेळी काकू सावरल्या. पुढच्या थंडीत मात्र गेल्या.

महिन्याभराने मी वर गेलो, तर सगळ्या खिडक्या बंद. काका आतल्या बाजूला खुर्ची भिंतीला टेकवून बसले होते. मी म्हटलं, "काका, हवा?"

"राहू दे रे. मला एकट्याला आता दोनात भागतं."

मी पुढे होऊन काकूंची ती खिडकी उघडली. थोड्या वेळाने काकांनी आपली खुर्ची उचलली आणि तिच्याजवळ नेऊन ठेवली.